पाण्यात उतरायची विजार

३ ऑगस्ट, रविवार

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्यात. मीठ कमी करा, चालणं वाढवा आणि रोज थोडं असं लिहा, जे छापायचं नाही. पहिल्या दोन जमतील. तिसरीचं कठीण आहे. वर्षानुवर्षं दर रविवारी पेपरात लोकांची टर उडवणाऱ्या माणसाने एकट्यासाठी लिहायचं, म्हणजे न्हाव्याने रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारायच्या. असो. रक्तदाबासाठी माणूस काय काय करतो.

आज ताईचा फोन आला. ताईचा फोन म्हणजे शाळेची घंटा. ठरल्या वेळी येणार आणि ऐकणाऱ्याला आपोआप उभं करणार. जन्मभर मुलांना पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षाही नाही.

"ठोंब्या, मासे पकडायला शिकतोस का?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाला ठोंब्या म्हणणारी जगात ही एकच व्यक्ती उरली आहे.

ताईचे मासे बाजारातले नव्हेत. ती आणि भावोजी इथल्या मे ते सप्टेंबरच्या उन्हाळ्यात नदीवर जायचे. लांब लवचीक काठी, तिच्या दोराला पिसांची नि रेशमाची केलेली खोटी माशी. ती पाण्यावर अलगद टेकवायची, मासा फसला की हळूच सोडवून परत पाण्यात द्यायचा. एवढ्या उठाठेवीनंतर घरी काय आणायचं, तर सर्दी. भावोजींना जाऊन आता दुसरा उन्हाळा. ताईचं घर विकलं गेलंय. ऑक्टोबरात ती मुलीकडे जाणार, समुद्रापलीकडे, कायमची. आणि नदी सप्टेंबरअखेर बंद होते. पुढे माशांचा विणीचा काळ, कोणी पाण्यात पाय घालायचा नाही.

"मधल्या खडकापर्यंत नेईन तुला," ताई म्हणाली. "संध्याकाळी तिथे उभं राहिलं की चहूकडून मासे वर येतात."

"मला पोहता येत नाही."

"पोहायला कोण सांगतंय? चालायचंय. वेडर्स घालून."

वेडर्स म्हणजे पावलांपासून छातीपर्यंत येणारी, आत पाणी न येऊ देणारी विजार. खांद्यांवर पट्टे, कमरेला बेल्ट. लहान मुलाला बर्फात सोडताना घालतात तसला प्रकार, फक्त आत मोठा माणूस.

"तुझ्या भावोजींचे आहेत. गॅरेजमध्ये टांगलेत. तुझी उंची तीच. परवा धुऊन वाळवलेसुद्धा."

मी म्हटलं, ताई, तिसरीपर्यंत मी तुझे स्वेटर घातले. बटणांवर लाल चेऱ्या होत्या. मुलं मला काय म्हणायची ते तुला ठाऊक आहे. आता तरी मला माझे कपडे घेऊ दे.

"घे बाबा," ती हसली. "पण लवकर घे."

७ ऑगस्ट, गुरुवार

दुकानात गेलो. भिंतीवर वेडर्स रांगेने टांगलेले. माणसं आतून निसटून गेली आणि सालं मागे राहिली असावीत, तसे. विक्रेता उत्साही. जाकिटाला अठरा खिसे, प्रत्येक खिशात एक कात्री.

"साहेब, उभे राहणार की चालणार?"

"म्हणजे?"

"उभे राहणार असाल तर जाड रबरी फोमचे घ्या, ऊब राहते. चालणार असाल तर पातळ, श्वास घेणाऱ्या कापडाचे. उभ्याचे घालून चाललात तर शिजाल. चालायचे घालून उभे राहिलात तर गोठाल."

"थोडं चालून मग उभं राहिलं तर?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. मग पुढचे प्रश्न. बूट जोडलेले हवेत की आत मोजे आणि बूट वेगळे? बुटांचा तळ रबरी खिळ्यांचा की दाबलेल्या लोकरीचा? छातीपर्यंत, कमरेपर्यंत की मांडीपर्यंत? नदीचा तळ कसला? वाळू, गोटे की चिखल? पाण्याचा वेग किती? मी लग्न केलं तेव्हा इतकी चौकशी झाली नव्हती.

शेवटी मी विचारलं, "तुम्ही कुठले वापरता?"

"मी? छे हो! मला पाण्याची भीती वाटते."

घरी येताना सगळा रस्ता हसत होतो. हे वहीत ठेवायचं पाप मी करणार नाही. डॉक्टर माफ करतील. रविवारचं सदर तयार.

१० ऑगस्ट, रविवार

सदर छापून आलं. संपादकांचा सकाळीच फोन. "लोक लोळतायत. अठरा खिसे, पाण्याला भिणारा! मालिका कर. वेडर्समधून बाहेर येऊ नकोस."

नंतर ताई. "छान आहे. मी एकटीच मोठ्याने हसले. मग कधी येतोस?"

"अगं, अजून घेतले कुठे?"

"हो की," ताई म्हणाली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

जाड फोमचे घेतले. घरी आणून घातले आणि न्हाणीघरात टब भरून आत उभा राहिलो, गळतायत का बघायला. बायको दवाखान्यातून आली. ती दातांची डॉक्टर. दारात उभी राहून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. किडलेल्या दाढेकडे बघते तसं.

"काय चाललंय?"

"चाचणी."

"कसली? टबात मासे आहेत?"

"पाणी आत येत नाही ना ते बघतोय."

"पाणी नाही येत. अक्कल तरी येते का बघ."

पाणी खरंच आत आलं नाही. पण दहा मिनिटांत मी आतल्या आत असा घामेजलो, की पिळून काढावं लागलं. शिवाय उकिडवं बसता येत नाही. गुडघा वर उचलला की मागून कोणीतरी विजार धरून ओढतंय असं वाटतं. आरशात मात्र झकास दिसत होतो. हीच चूक म्हणे सगळे नवशिके करतात. आरशात बघून घेतात, वाकून बघत नाहीत. परत करायचे. लेख मात्र पक्का.

१७ ऑगस्ट, रविवार

दुसरा लेख. टबाचा. बायकोचं वाक्य जसंच्या तसं घातलं. ती दिवसभर माझ्याशी फक्त क्रियापदांत बोलली. जेव. ऊठ. सरक.

संध्याकाळी मीच ताईला फोन केला, विक्रेत्याच्या प्रश्नांची उत्तरं हवी होती. "नदीचा तळ कसला आहे?"

"डोक्याएवढे गोटे. त्यावर शेवाळ. साबण लावल्यासारखे."

"मग चालता कसे त्यावरून?"

"दोघांनी. कोपरात कोपर अडकवून, तिरकं तिरकं. जो भारी तो वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे. दुसरा त्याच्या खालच्या अंगाला. तुझे भावोजी पुलांचे खांब तपासायचे ना? म्हणायचे, खांबाच्या मागे पाणी निवांत असतं. मी खांब, तू मागे चाल. उभ्या नदीत मला कधी ओढ लागली नाही बघ."

मग पलीकडे काहीतरी खुडबुडलं. मला वाटलं फोन तुटला.

"आहेस ना?"

"आहे. तू वजनाने किती आहेस रे हल्ली?"

मी सांगितलं. डॉक्टरांना सांगतो तेच, खोटं, कमी करून. ताई म्हणाली, "तेवढंच? बरं. चालेल तेवढंही."

बिचारीला माझी काळजी. मी पाण्यात पडेन म्हणून हैराण झालीय.

२४ ऑगस्ट, रविवार

आजचा लेख सगळ्यात चांगला उतरला. विषय: मेव्हण्याची विजार. धाकट्या भावाने जन्मभर थोरल्या बहिणीचे स्वेटर घालायचे, आणि म्हातारपणी बढती काय, तर गेलेल्या मेव्हण्याची विजार. गॅरेजमध्ये ती खिळ्याला टांगलेली असते, पाय थोडे वाकवून, भावोजी आत्ता उतरून चहाला गेल्यासारखी. शेवटचं वाक्य: 'मृतात्म्याला शांती मिळो, पण माझ्या गुडघ्यांपाशी नको.'

संपादक म्हणाले, हे वाक्य चौकटीत मोठ्या अक्षरात टाकलंय.

ताईचा फोन ठरल्या वेळी आला नाही. मीच केला.

"वाचलंस का?"

"नाही रे. चष्मा सापडत नव्हता."

"मी वाचून दाखवू?"

"नको. दूध ठेवलंय गॅसवर."

वय झालंय तिचं. चष्मे हरवायला लागलेत.

३१ ऑगस्ट, रविवार

ताई जेवायला आली होती. दिवाणखान्यात वेडर्सची तीन खोकी. एक परत जायचं, एक आत्ताच आलेलं, एक कुठलं ते मलाही आठवत नाही. ताईने एकेक उघडून हात फिरवून पाहिलं. शिवण उलटी केली, गुडघ्याचं कापड बोटांत चुरगळलं. पातळ कापडाचे, मोजेवाले होते ते बाजूला काढले.

"हे. हेच घे. बूट एक आकार मोठे, आत जाड मोजे. तळ लोकरीचा. झालं. यात तू एक महिना घालवलास?"

"ताई, निवड हा गंभीर विषय आहे."

"नापास होणारी मुलं असंच म्हणायची."

जेवणानंतर ती रंगात आली. माझी लाकडी मोजपट्टी घेऊन दिवाणखान्यात मधोमध उभी राहिली. "हात घड्याळासारखा. मागे एक वाजेपर्यंत, पुढे दहा वाजेपर्यंत. मध्ये थांबायचं. दोर मागे सरळ व्हायला वेळ द्यायचा. तू थांबत नाहीस, तू बोलतोस. हां, असं. मनगट कशाला मोडतोस?" साठी ओलांडलेली बाई, पण मोजपट्टी तिच्या हातात जिवंत झाली होती. पडद्याच्या दांडीवर एक अदृश्य माशी तिने तीनदा नेमकी टेकवली.

मग म्हणाली, "आता चालून दाखव." माझ्या कोपरात कोपर अडकवलं. सोफा म्हणजे हा काठ, दरवाजा म्हणजे खडक, गालिचा म्हणजे नदी. "तू या बाजूला. वरच्या. पाय उचलायचे नाहीत, सरकवायचे. एक टेकला की दुसरा."

गालिच्याच्या मध्यावर मला राहवलं नाही. मी "गेलो, गेलो!" ओरडून घसरल्याचं सोंग केलं. ताईने मला इतकं गच्च धरलं की मी खरंच ओरडलो. तिचा चेहरा पांढराफटक. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"मस्करी गं," मी म्हटलं.

"हो. कळलं," ताई म्हणाली आणि सोफ्यावर जाऊन बसली. माझ्या दंडावर चार बोटांचे वळ.

तिला सोडून आल्यावर बायको म्हणाली, "ती तुला शिकवायला बोलावत नाहीये."

"मग?"

"तुला खरंच दिसत नाही?"

"काय?"

"डोळे माझ्या खात्यात येत नाहीत," असं म्हणून ती भांडी घासायला गेली.

७ सप्टेंबर, रविवार

ताईने सांगितले तेच घेतले. बूटही आले. घालून उकिडवा बसलो, खुर्चीवर पाय ठेवून चढलो, जिना चढलो-उतरलो. कुठे ओढ नाही, कुठे घोळ नाही. विजार मला आणि मी विजारीला पसंत.

दुपारी संपादकांना कळवलं. ते खट्टू झाले. "म्हणजे संपलंच की. एकदा पाण्यात उतरलास की तू आणखी एक मासेमारीवाला. कोरडा आहेस तोवर मजा आहे. अजून दोन रविवार ओढ ना. काहीतरी यायचं राहिलंय असं कर."

त्यांचं चुकत नाही. मासा पकडला, सोडला, यात विनोद काय? गंमत सगळी खोक्यांत आहे.

ताईला सांगितलं, बुटांच्या खास नाड्या यायच्यात. तसं हे खोटं नाही, जादा नाड्या मी मागवल्या आहेत. एकवीस तारखेला नक्की येतो म्हटलं.

"एकवीस," ती म्हणाली. काहीतरी मोजत असल्यासारखी. "बरं."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ताई. "ऐक, पाणी उतरलंय. खडकापर्यंत जेमतेम गुडघ्याच्या वर. या रविवारी अगदी सोपं आहे. नाड्या माझ्याकडच्या घाल."

"पुढच्या रविवारी, ताई. ठरलंय ना."

"वर धरणाचं पाणी सोडलं की पुन्हा चढतं रे."

"एका आठवड्यात नदी काही पळून जात नाही."

ती हसली. "नदी दुसरं करते काय?"

वाक्य चांगलं आहे. कुठेतरी वापरता येईल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ताई काल एकटीच गेली. हातात आधाराची काठी घेऊन. काठापासून थोड्या अंतरावर, पाणी मांडीला लागलं तिथे पाय सटकला. पलीकडच्या काठावर एक बाई कुत्रा फिरवत होती म्हणून निभावलं. कमरेच्या हाडाला चीर गेलीय. शस्त्रक्रिया नको म्हणतात, पण दीड-दोन महिने पायावर वजन टाकायचं नाही.

दवाखान्याच्या खोलीत दोन खाटा. पलीकडची बाई झोपलेली. ताईचे केस अजून दमट होते की मला तसं वाटलं, माहीत नाही.

"बेल्ट लावला होता," ती पहिलं वाक्य बोलली. "आवळून. म्हणून आत पाणी भरलं नाही. लिही तुझ्या सदरात, विजार कुठलीही असो, बेल्ट महत्त्वाचा."

"एकटी कशाला गेलीस?"

"बघायला. होतंय का ते."

"आणि?"

"नाही होत."

पंख्याकडे बघत राहिली. मग मला समजावून सांगावं तसं म्हणाली, "पाय चांगले आहेत रे माझे. पायांचं काही नाही. वरच्या अंगाला कोणी नसलं की पाणी सगळं आपल्यावरच येतं. मला ठाऊकच नव्हतं नदी एवढी जोरात असते."

"मला नीट सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? ठोंब्या, मला धरून पाण्यात ने, असं? मी तुला शिकवणार होते. ते बरं दिसलं असतं."

मी बोलायचा माणूस. शब्दांवर माझं घर चालतं. पांघरुणाची कडा दुमडत बसलो. ती म्हणाली, "असू दे, नर्स करते ते," तेव्हा कुठे हात काढला.

आता लिहिताना टेबलाशेजारीच माझे वेडर्स उभे आहेत. हो, उभेच. हँगरला लावले की पाय टेकतात. किमतीचं लेबल अजून बगलेत. त्यांना उकिडवं बसता येतं, जिना चढता येतो. सगळं येतं त्यांना.

२१ सप्टेंबर, रविवार

मी नक्की येतो म्हटलेला दिवस.

आजचं सदर थांबवता आलं नाही. पुरवणीची पानं आधीच छपाईला गेली होती. गालिच्याचा लेख. ताई मोजपट्टीने पडद्यावर मासे पकडते, गालिच्यावरून मला नदीपार नेते, मी घसरलो म्हणताच तिचा चेहरा पांढरा पडतो. तो पांढरा चेहरा मी विनोदाच्या जागी वापरला होता. तेव्हा तो विनोदच वाटला होता.

दुपारी दवाखान्यात पोचलो तर नर्स पेपर हातात घेऊन पलीकडच्या बाईला तेच वाचून दाखवत होती. बाई कमरेवर हात ठेवून हसत होती, हसलं की दुखतं म्हणत होती, तरी हसत होती. सदरावरच्या फोटोकडे आणि माझ्याकडे पाहून नर्सला काहीतरी उमगलं. तिने वळून विचारलं, "अय्या, त्या ताई म्हणजे तुम्हीच का?"

"नाही हो," ताई म्हणाली. "ती वेगळी."

बाहेर जिन्यात उभा राहून संपादकांना फोन केला. मालिका बंद. ते म्हणाले, अरे पण शेवट? लोक शेवट मागतील. म्हटलं, पाण्यात पडला म्हणून सांगा.

२५ सप्टेंबर, गुरुवार

भाची विमानाने आली. आईला घेऊनच परत जाणार, चार तारखेला. घराच्या किल्ल्या नव्या मालकांना मीच द्यायच्या. तिच्या स्वभावात माझ्या ताईचा सगळा खणखणीतपणा उतरलाय, तरी मला एका शब्दाने बोलली नाही. "मामा, तू थकलेला दिसतोस," एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर झोप लागली असती.

ताईला घरी आणलं. चाकांच्या खुर्चीतून तिने सगळ्या खोल्यांची पाहणी केली. खोकी बांधलेली, भिंतींवर तसबिरींचे चौकोन. गॅरेजचं दार उघडायला लावलं. आत काठ्या होत्या, जाळं होतं, तिचे वेडर्स होते, गुडघ्यावर फाटलेले. शेजारचा खिळा रिकामा.

"भावोजींचे कुठेत?" मी विचारलं. मनाशी ठरवून आलो होतो. मागून घेणार होतो.

"दिले."

"कुणाला?"

"मासेमारीच्या क्लबात. नवशिक्यांसाठी पेटी ठेवलीय त्यांनी. ज्याच्याकडे नसतील त्याने त्यातले घालून जायचं." खुर्ची वळवता वळवता म्हणाली, "तो लेख आला ना, त्याच आठवड्यात."

"तुला तर चष्मा—"

"सापडला नंतर."

भाचीने दार ओढून घेतलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

शेवटचा दिवस. ताईनेच सकाळी फोन केला. "नाड्या आल्या का?"

"आल्या."

"मग चल. पाणी बरं आहे म्हणतात."

भाचीने गाडी अगदी गवतापर्यंत नेली. खुर्ची काठाशी लावली, चाकांना दगडांची अटकण दिली, मांडीवर कांबळं. ताई नदीकडे बघत बसली. पुस्तक मिटून ठेवलेलं असावं आणि खूण कुठे होती ते आठवत असावं, तशी. मी आयुष्यात प्रथम ती नदी पाहिली. दोन महिने जिच्यावर लिहिलं, ती. ऐसपैस आहे. मी समजत होतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त आवाज करते. खडक मधोमध, चपटा, दोन माणसं सहज उभी राहतील एवढा.

लेबल ताईने दाताने तोडलं. दातांच्या डॉक्टरला सांगू नकोस म्हणाली. मग, "इकडे ये, वळ." खुर्चीत बसल्या बसल्या तिने मागून माझा बेल्ट खेचला. शाळेत जाताना माझा पट्टा अशीच आवळायची, आई कामावर लवकर जायची म्हणून. पोट आत घे, अजून घे, किती खातोस. तेच शब्द.

"आता जा. पाय उचलू नकोस, सरकव. खडकावर पोचलास की मागे वळून बघायचं नाही, आधी दोर मोकळा करायचा."

खडकापर्यंत पोचलो. तिथे जे केलं त्याला मासेमारी म्हणत नाहीत. पहिल्या झटक्यात माशी माझ्याच टोपीत अडकली, दुसऱ्यात दोराचा पायात गुंता. काठावरून ताईचा आवाज नदीच्या वर चढून येत होता. "थांब! मागे थांब! बोलू नकोस!" मी बोलत नव्हतो. शेवटी एकदा, कसं कोण जाणे, दोर मागे सरळ झाला, थांबला, आणि माशी पाण्यावर टेकली. मासा आला नाही. पण ताई ओरडली, "हां!" ती तशी कुणाच्या लेखावर कधी ओरडली नसेल.

लिहायचं होतं ते हे नव्हे. ते जातानाचं आहे.

काठापासून निघालो तेव्हा पाणी फक्त गार होतं. मध्यावर आल्यावर ते अंगावर आलं. डाव्या मांडीवर, सगळं एकदम, गर्दीने खांदा लावावा तसं. विजारीतून एक थेंब आत आला नाही. पण ढकलणं आत येतंच, ते कुठल्या कापडाने थांबत नाही. मी आधाराची काठी रोवून उभा राहिलो. पुढच्या पावलाला जागा शोधायला खाली पाहिलं, उजवीकडे, खालच्या अंगाला.

तिथे पाणी थांबलं होतं. चहूकडे नदी खळाळत होती आणि माझ्या उजव्या पायापाशी एक तुकडा अगदी निवांत. काचेसारखा. तळाचे गोटे, त्यावरचं शेवाळ, सगळं स्वच्छ दिसत होतं. एक माणूस मावेल एवढीच जागा. मी एक पाऊल पुढे सरकवलं, तर तो तुकडाही माझ्याबरोबर सरकला. पुन्हा सरकलो, पुन्हा आला.

माझा उजवा हात कोपरात वाकून अंगापासून थोडा दूर धरलेला होता. कधीपासून, माहीत नाही.

"थांबलास का?" काठावरून ताई. "खाली काय बघतोस?"

"काही नाही," मी ओरडलो. "गोटे आहेत."

तिने मान हलवली आणि हाताने पुढे जा अशी खूण केली. तिथे काय असतं ते मी तिला कशाला सांगायचं? इतकी वर्षं ती तिथूनच तर चालत होती.